तू ह.भ.प. नव्हतास, दिन्या

तुला ह.भ.प. केलं त्यांनी, दिन्या.

राख निवायच्या आत कोऱ्हाळ्याच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘कै. ह.भ.प. दिनकरराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ हरिभक्त परायण! तू! मी मोटारसायकल भर रस्त्यात उभी केली. मागं उसाचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून मारून दमला, पण माझं डोकंच जाग्यावर नव्हतं. फोटो मी काढलेला होता, इंदापूरच्या जत्रेतला. त्यात तुझ्या छातीवर गिटार होती. ती गायब. फ्लेक्सवाल्यानं कंप्युटरवर ती पुसून टाकली, तुझ्या डोक्यावर पांढरी टोपी चढवली, कपाळाला गंध लावलं, बुक्का लावला. गिटारीचा पट्टा तेवढा खांद्यावरून निघाला नसावा, म्हणून त्याचं उपरणं करून टाकलं. आणि त्या टोपीखाली तू नेहमीसारखा दात काढून हसत होतास. मी तिथंच उभ्या उभ्या रडलो, आणि रडता रडता असा संताप आला, की वाटलं खांबावर चढून तो फाडावा. गुडघे साथ देत नाहीत म्हणून वाचला फ्लेक्स.

मला या धंद्यात उभा जन्म गेला. जळोचीच्या या मंडपवाल्याकडं खुर्च्या आहेत, कनाती आहेत, साउंड आहे, आणि त्यामुळं बारामती-इंदापूरच्या निम्म्या लोकांची लग्नं आणि दहावे मी मिक्सरमागं बसून ऐकलेत. दहाव्याच्या माईकवर मेलेला माणूस कसा होतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मनमिळाऊ होतो. धार्मिक होतो. अजातशत्रू तर हमखास होतो, आणि बांध कोरला म्हणून ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू असतं तो पहिल्या रांगेत बसून मान हलवत असतो. मी कधी काही बोललो नाही. आपलं काम आवाज नीट पोचवायचं. पण तुझ्या बाबतीत मला हे सोसवेना.

तू म्हणशील, बाळ्या, तीन अक्षरांसाठी एवढा का पेटलास? अरे, फ्लेक्स काय, उन्हानं विटतो आणि मग कुणाच्या तरी गोठ्यावर जातो. पण आबांनी, तुझ्या थोरल्या भावानं, भैरवनाथाच्या सभामंडपात तुझ्या नावाची संगमरवरी फरशी बसवायचं ठरवलं. दहाव्याला जाहीर करायचं, आणि त्यावरही हेच ह.भ.प.; एकदा दगडात कोरलं की संपलं. तुला पोरबाळ नाही. उद्या मी नसेन, तुझ्या माघारी राहिलेल्या सुमनवहिनी नसतील, तेव्हा तुझ्याविषयी गावात बोलणारी एवढी एकच गोष्ट उरणार, आणि ती खोटं बोलणार. गिटारवाला दिनकर म्हणून कुणी कोऱ्हाळ्यात होऊन गेला हे कुणाला कळणारच नाही.

आबांची गोष्ट मला पाठ झालीय. तारुण्यात दिनकर जरा वाट चुकला, नाचगाण्यात गेला. पुढं उपरती झाली, ऑर्केस्ट्रा सोडला. मग रोज देवळात जाऊन बसायला लागला. आणि शेवटी दवाखान्यात नाम घेत घेत डोळे मिटले. ऐकायला किती गोड वाटतं बघ. एकेक गोष्ट घडलेली आहे आणि सगळी मिळून धादांत खोटी आहे.

वाट चुकला म्हणे! तुला वाट सापडली तेव्हा मी साक्षीला होतो. आयटीआय करून तू दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून लागलास, आणि मी बारामतीहून दौंडच्या गाडीनं तुला भेटायला यायचो, तुझ्या आईनं दिलेलं भाकरी-ठेच्याचं गठुडं मांडीवर घेऊन. तिथं रेल्वे कॉलनीत हॅरीसाहेब राहायचे. मेलगाडीचे रिटायर ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन, हाफ पँट आणि बनियन, आणि मराठी बोलायचे ते शिव्यांसकट अस्सल दौंडची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका काळ्या अमेरिकन सोल्जरनं त्यांना गिटारीवरची आपल्या लोकांची गाणी शिकवली होती. तू त्यांचा नळ दुरुस्त करायला म्हणून आत गेलास तो संध्याकाळी बाहेर आलास, आणि नळ गळतच होता. मी पायरीवर उपाशी बसलेलो. तू माझ्याजवळ बसलास, भाकरीला हातही लावला नाहीस, आणि बोटं मोडत मला सांगायला लागलास.

‘बाळ्या, ह्या गाण्यात बारा घरं हायती बघ. पयली चार आपल्या घरात. मग दोन मामाच्या गावाला. परत दोन आपल्या घरी. मग एक उडी सासुरवाडीला, येताना एक मामाकडं टेकायचं, अन् शेवटची दोन परत आपल्या घरी. झालं गाणं.’

‘एवढंच?’

‘एवढंच. जलमभर हिंडायचं ते ह्याच बारा घरांत.’

‘मग कटाळा येत न्हाय व्हय?’

‘तुला भाकरीचा कटाळा आला का कधी?’ असं म्हणून तू माझ्यासमोरची निम्मी भाकरी उचललीस.

या बारा घरांच्या गाण्याला ब्लूज म्हणतात, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हॅरीसाहेबांनी जाताना आपली जुनी लाकडी गिटार तुला दिली, आणि त्यांची पोरं परदेशी निघून गेली तरी दौंडचा तो सूर कोऱ्हाळ्याच्या उसात शिल्लक राहिला. पुढं वडील गेले, रान बघायला माणूस नाही म्हणून तू नोकरी सोडून गावाकडं आलास, ते ती गिटार आणि एक औषधाची बाटली घेऊन. गुरांच्या दवाखान्यातली इंजेक्शनची काचेची बाटली. तिची मान कापून, कडा पॉलिश पेपरनं घासून तू ती करंगळीत घालायचास आणि तारेवरून सरकवायचास. सूर पायरी पायरीनं चढायच्या ऐवजी नुसता घसरत जायचा. भजनी मंडळातले पेटीवाले काका म्हणायचे, ‘दिनकर, तू सुराच्या जवळ जातोस, पण त्याला शिवत न्हाईस.’ तू म्हणायचास, ‘काका, तुमच्या पेटीत ज्यो सूर न्हाय, त्यो मी कुठं ठेवू?’ काका पेटी बंद करायचे. पण ऐकायला रोज यायचे, हे पण खरं.

गावात त्याला दिनूतात्याचं रडगाणं म्हणायचे. तुला त्या शब्दाचा राग यायचा. एकदा पारावर तू सगळ्यांसमोर सुनावलंस, ‘रडणं येगळं. आणि मी रडतोय, तुला काय करायचंय ते कर, असं तोंडावर सांगणं येगळं. हे दुसरं हाय. ज्यांनी ही गाणी काढली त्यांना चाबकानं मारून दुसऱ्याच्या रानात राबवलं हुतं. त्यांनी काय रडून दाखवलं न्हाय. ताठ उभं राहून सांगितलं.’ आणि मग तिथंच, ट्रान्सफॉर्मर जळून गावाला पाणी नव्हतं त्या आठवड्यात, म्हटलं होतंस:

डीपी जळाला सोमवारी, वायरमन फोन उचलंना,
अगं डीपी जळाला सोमवारी, वायरमन फोन उचलंना,
ऊस बघतोय माझ्याकडं, मला त्याच्याकडं बघवंना.

पारावरचे सगळे हसले आणि हसता हसता रानाकडं बघायला लागले. वायरमन पण होता रे तिथं! तो म्हणाला, ‘तात्या, माझं नाव तरी घालू नका.’ तू म्हणालास, ‘फोन उचल, मग दुसरं कडवं तुझ्या कौतुकाचं करतो.’

आता ऑर्केस्ट्रा. आपण दोघांनी किती जत्रा केल्या असतील! तू गिटारीवर, मी साउंडवर. लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या पाठवायचे, आणि निवेदक नावं वाचायचा. तू प्रत्येक फर्माइशीचं तोंड अगदी शहाण्यासारखं वाजवायचास, आणि मधल्या म्युझिकला आला की गेलास तुझ्या बारा घरांत हिंडायला. गाणारी बाई पदर खोचून तुझ्याकडं बघत उभी, ढोलकीवाला घामाघूम, आणि तू डोळे मिटून मामाच्या गावाला पोचलेला. इंदापूरच्या जत्रेत शेवटी मालकाचा संयम सुटला. स्टेजमागं त्यानं तुला धरलं. ‘दिनकर, ही गिटार ठेव आता बाजूला. ऑक्टोपॅड बडवायला शीक. पब्लिकला नाचायचं हाय.’

‘नाचू द्या की. मी काय पाय धरल्यात का कुणाचं?’

‘हे बघ, एक तर ही गिटार सोड, न्हायतर...’

तू त्याला ‘न्हायतर’च्या पुढं बोलूच दिलं नाहीस. पट्टा खांद्यावर नीट केलास, मला म्हणालास, ‘बाळ्या, चल, माझी वायर काढ,’ आणि जत्रेच्या गर्दीतून गिटार घेऊन चालत निघालास. हातात पुढच्या सगळ्या मोसमाचं काम होतं. ते तिथंच टाकलंस. मालकानं गिटार सोड म्हटलं म्हणून तू मालक सोडलास. आबा, ऐकताय ना? याला उपरती म्हणत नाहीत. याला मस्ती म्हणतात, आणि ती असायला नशीब लागतं.

त्याच दिवशी परतताना टेंपोत आपलं ते भांडण झालं, आठवतंय? तू स्पीकरसमोर गिटार धरून उभा राहिलास की एक लांबलचक कुई निघायची. साउंडवाल्याला कुई म्हणजे नाक कापल्यासारखं. मी ताबडतोब तुझा आवाज खाली ओढायचो. तू टेंपोत भडकलास, ‘आरं ती काय कुई हाय? बिनबोलावता आलेली पाहुणी हाय ती. तिला बसव, च्या पाज, तर तू हाकलून लावतोस!’ मी म्हटलं, ‘पाहुणी असली तरी माझ्या कानात बोटं घालती.’ इंदापूर सुटल्यापासून बारामतीची वेस येईपर्यंत आपण भांडत होतो, आणि नंतरही जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा भांडलो. परवा दवाखान्यात न्यायच्या आधीच्या रविवारीसुद्धा. ऐक दिन्या, तू गेलास म्हणून मी माघार घेतलीय असं समजू नकोस. ती कुईच होती. उठून ये आणि पटवून दे.

पण एक गोष्ट तुला तोंडावर कधी बोललो नाही, ती आज बोलतो. माझं गोडाऊन जळालं तेव्हाची. शॉर्ट सर्किट झालं आणि कनाती, गाद्या, झालरी, सगळं दुपारच्या दुपारी संपलं. राहिले ते लोखंडी खांब. माणसं येऊन जात होती. होतं ते चांगल्यासाठी म्हणत होती, देवाच्या मनात असेल ते म्हणत होती, आणि मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. तू आलास. धीराचा एक शब्द बोलला नाहीस. खांबांच्या ढिगावर टेकलास, बाटली करंगळीत घातलीस, आणि माझ्या तोंडावर म्हणालास:

गोडाऊन जळालं बाळ्याचं, जळाल्या समद्या कनाती,
अरं गोडाऊन जळालं बाळ्याचं, जळाल्या समद्या कनाती,
खांब तेवढं उभं राहिलं, इचारत्यात वरात कधी येती.

मी तुझी आई-बहीण काढली. दगड उचलला होता मी, दिन्या, खरंच उचलला होता. तू वाजवायचा थांबला नाहीस. आणि तिसऱ्यांदा ‘वरात कधी येती’ आलं तेव्हा माझ्या पोटातून जे हसू फुटलं ते रडण्यावर जाऊनच थांबलं. दुसऱ्या दिवशी मी खांब घासायला घेतले. लोक म्हणतात बँकेनं मला उभं केलं. खोटं आहे. तुझ्या त्या निर्लज्ज गाण्यानं मला उभं केलं. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मी जिवंतपणी मान्य केले असते तर तू मला टेंपोत बसू दिलं नसतंस, इतका माजला असतास.

आता देवळाचं. तू रोज दुपारी भैरवनाथाच्या देवळात जायचास हे खरं. गिटार घेऊन जायचास हेही खरं. का जायचास ते तू मला दाखवलं होतंस. ‘बाळ्या, मधोमध उभा राहा आणि टाळी वाजव.’ मी वाजवली. नव्या सभामंडपाच्या संगमरवरावरून, घुमटावरून ती टाळी अशी फिरून आली की आम्हा साउंडवाल्यांनी लाखभराची मशीन लावूनही येणार नाही. ‘बघितलंस? हितं तुझा मिक्सर नको. देवानं आधीच इको लावून ठेवलाय.’ दुपारी देवळात चिटपाखरू नसतं, तेव्हा तू तिथं बसून वाजवायचास. गुरव एकदा म्हणाला, ‘तात्या, आलाच आहात तर भजन म्हणा की.’ तू म्हणालास, ‘त्यो सकाळ-संध्याकाळ भजनच ऐकतोय, गुरव. दुपारचं जरा येगळं ऐकू दे त्याला.’ देवाशी तुझं वाकडं नव्हतंच. भैरवनाथाला तू गाणं ऐकवत होतास, पण आपलं, जसं आहे तसं. त्याच्यासाठी तू बदलला नाहीस. मला विचारशील तर यात जास्त इमान आहे.

आणि मटण! अरे, दवाखान्यात न्यायच्या आधीच्या रविवारी माझ्या घरी बसून तू रस्सा भुरकत होतास, आणि माझ्या बायकोला म्हणत होतास, ‘वैनी, नळी कुणाच्या ताटात गेली?’ हा हरिभक्त परायण!

राहिला दवाखाना. मी होतो तिथं. तुझे ओठ हलत होते. आबा खाटेच्या उशाला उभे राहून हुंदका देत म्हणाले, ‘बघ बाळू, नाम चाललंय.’ मी ओठांकडं बघतच नव्हतो. तुझ्या डाव्या हाताची बोटं चादरीवर दाबली जात होती, सुटत होती, परत दाबली जात होती, आणि मला वाटलं, हा आता मामाच्या गावाला गेला, हा आता परत घरी आला. मग मला आणि आबांना बाहेर काढलं, आत फक्त वहिनी राहिल्या. खरं सांगू? मी काही अंतर्यामी नाही. असेलही नाम. माणूस त्या घडीला काय म्हणतो कुणाला कळणार. पण मला ठाऊक नसेल तर आबांना तरी कुठून ठाऊक असणार?

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी आबांकडं गेलो. ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हटलं, ‘आबा, ते ह.भ.प. काढा. फरशीवर तरी घालू नका.’

आबांनी माझ्याकडं बघितलं. ‘बाळू, तुला म्हायत हाय का, सोसायटीच्या मीटिंगला मी उभा राहिलो की मागनं कोण ना कोण म्हणायचंच, बसा आबा, तुमचा भाऊ तमाशात वाजवतोय. किती वर्षं ऐकलं मी. घरी येऊन दिनूला एका शब्दानं बोललो न्हाय. आता त्यो गेला. मेल्यावर तरी लोकांनी माझ्या भावाला हात जोडावं, एवढंच मागतोय मी. त्यात तुझं काय जातंय?’

बघ दिन्या. आबांवर राग धरून गेलो होतो, आणि समोर एक म्हातारा माणूस धाकट्या भावासाठी मान मागत बसला होता. मी एवढंच म्हटलं, ‘आबा, हात जोडतील ते टोपीवाल्याला. दिनूला कुठं?’ आबा उठून आत गेले. चहा आला नाही, मी पण थांबलो नाही.

दहावा नीरेच्या काठावर झाला. मंडप माझा, साउंड माझा. गर्दी मायंदाळ होती. पुढारी आले, बोलले. एकाला तुझं नावच आठवेना, त्यानं ‘आपले हे’ म्हणून वेळ मारून नेली. दुसरा म्हणाला, तुझ्या जाण्यानं सांप्रदायिक क्षेत्राची हानी झाली. मी मिक्सरमागं दात खात बसलो होतो. मग आबा उठले. तुझ्या लहानपणाचं बोलले. आणि मग ते फरशीवर आले. ‘ह.भ.प. दिनकरराव यांच्या स्मरणार्थ...’ माझं बोट त्यांच्या माईकच्या बटणावर गेलं. दाबणार होतो. दहाव्यात माईक बंद पाडला म्हणून माझा धंदा बसला असता तरी चाललं असतं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खुर्चीमागं येऊन उभं राहिलं. सुमनवहिनी. डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

‘बाळूभावजी, माईक द्या.’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आबांच्या समोर वहिनी कधी पदर ढळू देत नव्हत्या, वर मान करून बोलत नव्हत्या, आणि दहाव्यात बायकांनी माईकवर बोलल्याचं मी एवढ्या वर्षांत चार वेळासुद्धा ऐकलेलं नाही. मी कॉर्डलेस काढून दिला. त्या तिथंच उभ्या राहिल्या, बायकांच्या आणि पुरुषांच्या मधे. माईक ओठांना चिकटवून धरला, पहिला शब्द फुटला. मी बेस उतरवला, आवाज स्वच्छ केला.

‘राम राम मंडळी. आबांनी माझ्या मालकांसाठी लई केलं. मी त्यांच्या पाया पडते. पण ह्ये ह.भ.प. खोटं हाय.’

सगळ्या काठानं माना वळवल्या. आबा माईक हातात धरून तसेच उभे.

‘माळ मी घातलीय. हरिपाठ मी म्हणते. ते मटण खायाचे, मी खात न्हवते, तरी येगळ्या चुलीवर करून वाढायची. त्यांनी मला कधी माळ काढ म्हटलं न्हाय. मी त्यांना कधी गिटार ठिवा म्हटलं न्हाय. असा संसार केला आमी. आता ते गेले, बोलायचे न्हाईत, म्हणून त्यांच्या गळ्यात माळ घालायची? मला पटत न्हाय. देवाला बी पटायचं न्हाय, त्याला समदं ठावं हाय.’

आबांनी माझ्याकडं बघून हात खाली केला. कमी कर, कमी कर. मी वहिनींच्या माईकचं बटण हातात धरलं आणि वर नेलं.

‘ते नाम घेत गेले म्हणत्यात. शेवटाला मी एकटीच जवळ हुते. पाणी मागितलं त्यांनी. मी पाजलं. मग वर बघून म्हणाले, सुमे, त्यो पंखा बंद कर, लई बेसूर वाजतोय. मी बंद केला. जरा वेळ ऐकत पडले, अन् गेले.’

बायकांत कुणीतरी हसलं आणि तिथंच हुंदकाही आला. प्रवचनाला आलेल्या महाराजांनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. आबांच्या हातातला माईक खाली आला होता. ते माईकशिवायच म्हणाले, ‘अगं पण सुमन, मग फरशीवर लिहायचं काय?’

‘गिटारवाले दिनकर.’

‘लोक हसतील, पोरी.’

वहिनींनी पदर मागं सारला. एवढ्या वर्षांत आबांसमोर मी त्यांचं कपाळ पहिल्यांदा बघितलं.

‘हसू द्या, आबा. जित्तेपणी हसलेच की. त्यांनी एक दिवस तरी वाजवायचं थांबवलं का?’

आबा परत माझ्याकडं बघून हात हलवायला लागले. आवाज नीरेच्या पल्याडच्या काठापर्यंत जात होता, तिकडं उसात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून ऐकत होत्या. मी काही आवाज कमी केला नाही, दिन्या.